मूळकुजीतून वाचलेल्या एका ॲव्होकॅडोच्या झाडापासून खुंट तयार करताना

ॲव्होकॅडो लावायचं म्हटलं की माणसं पहिल्यांदा जात विचारतात, हास लावू का फ्युर्टे लावू, आणि मी दरवेळी सांगतो की आधी खाली काय आहे ते बघा, खुंट (म्हणजे कलमाचा मुळांकडचा खालचा भाग) कुठला आहे आणि पावसात तुमच्या जमिनीत पाणी किती वेळ थांबतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही, आमच्या एका एकरातून सांगतो. २०१८ ला लावलेली बाग २०१९ च्या पावसाळ्यानंतर मूळकुजीनं डोळ्यांदेखत निम्मी गेली, आणि त्यातल्याच एका तगलेल्या झाडाच्या खुंटावरून नवीन रोपं करून ती आता त्याच जमिनीत उभी आहेत. मधली सगळी वर्षं कशी गेली ते तारखा-खर्चासकट लिहून ठेवतो, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत यावर वाचायला काहीच मिळालं नव्हतं.

जमीन कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात, लाल माती, उताराची, पाऊस दणकून. आप्पांचा ऊस होता, पण त्या वरच्या तुकड्याला पाणी पुरत नव्हतं म्हणून फळबाग करायचं ठरलं. कर्नाटकातून कलमं आणली, वाहतूक धरून साधारण सहाशे रुपयाला एक पडलं. वीस बाय वीस फुटावर एकरात शंभरच्या आसपास बसतात. जून २०१८ ला लावली, पहिल्या वर्षी सगळी हिरवीगार, तांबूस पालवी फुटायची तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायची हे कसलं झाड म्हणून.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूर-सांगलीचा तो महापूर सगळ्यांना आठवत असेल. आम्ही उंचावर, त्यामुळे पुराचं पाणी आलं नाही, पण आठवडाभर माती अशी भिजलेली की पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. पाऊस गेला, ऊन पडलं आणि ऑक्टोबरमध्ये उताराच्या खालच्या बाजूची झाडं मलूल व्हायला लागली. पानं लहान, फिकट, खाली लोंबणारी, शेंडे वाळत वरून खाली यायला लागले. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलंय, आणि माती बघावी तर ओली. मूळकुजीची खूण हीच आहे, ओल्या मातीत तहानलेलं झाड. उकरून बघितलं तर एरवी पांढरट दिसणारी बारीक मुळं काळी, ठिसूळ, बोटात चुरणारी.

ॲव्होकॅडोची खायची-प्यायची मुळं वरच्या अर्ध्या फुटातच असतात आणि त्यांना मूलरोमही जवळजवळ नसतात. त्यामुळे पाणी साचलं की आधी त्यांचा श्वास कोंडतो आणि मग फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा बुरशीसारखा रोगजंतू त्यांना धरतो. याचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळाकडे येतात. जगभरच्या बागांचा हा एक नंबरचा शत्रू आहे.

पहिला नमुना एका खाजगी लॅबला कुरियरने पाठवला, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला "हानिकारक बुरशी आढळली नाही". त्यानंतर कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्राच्या एका मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी सांगितलं की हा नमुना वाटेत सुकला किंवा तापला तर काही सापडत नाही. तर टिप अशी, झाडाच्या घेराखालची ओलसर माती बारीक मुळांसकट घ्या, पूर्ण मेलेल्या झाडाखालची नको, अर्धवट आजारी झाडाखालची घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आणि एक-दोन दिवसांत हातानेच नेऊन द्या. सोबत साधा अर्ज लागतो, नाव, गट नंबर, पीक, वय, लक्षणं, आणि फी भरल्याची पावती. फी काहीशे रुपयांचीच असते, पण पावती जपून ठेवा, रिपोर्ट घ्यायला गेलं की ती मागतात. मधे दिवाळीची सुट्टी आली त्यामुळे रिपोर्ट मिळायला नोव्हेंबर संपला.

रिपोर्ट येईपर्यंत मॅडमनी घरीच करायची एक चाचणी सांगितली होती, ती मला फार आवडली. प्लास्टिकच्या डब्यात संशयित माती घ्यायची, वर पाणी, आणि त्यात एक कच्चं, टणक, हिरवं ॲव्होकॅडो अर्धं बुडेल असं ठेवायचं. चौथ्या दिवशी सकाळी बघितलं तर पाण्याची पातळी जिथं टेकत होती तिथं फळावर तपकिरी डाग उठलेले, टणकच पण गडद, आणि शेजारच्या डब्यात, विहिरीकडच्या मातीतलं फळ स्वच्छ. अमेरिकेतले जॉर्ज झेंटमायर यांनी आयुष्य या एका रोगावर घातलं, मातीतून हा रोग पकडायला फळाचं आमिष लावायची रीत त्यांचीच. ते दोन डबे आप्पांनी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "म्हणजे माती आजारी आहे, झाडं न्हाईत." यापेक्षा नेमकं कुणी सांगू शकलं नसतं.

त्या हिवाळ्यात खालची अर्धी बाग काढली. स्वतः लावलेली झाडं उपटताना काय वाटतं ते लिहीत बसत नाही. कामाचं तेवढं सांगतो, आजारी तुकड्यातून चांगल्या तुकड्यात जाताना बूट, टिकाव, खोरं धुवायचं, आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवायचं. हे दोन्ही फुकटातले उपाय आहेत आणि औषधाआधी हेच करा.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि मला वाचायला वेळ मिळाला. तेव्हा गाय ॲशबर्नर या शेतकऱ्याबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये टँबोरिन माउंटन म्हणून डोंगराळ, भरपूर पावसाचा भाग आहे, तिथं आसपासच्या बागा मूळकुजीनं जात असताना याची बाग चांगली उभी. रोग त्याच्याही मातीत होता, तरी झाडं मरत नव्हती. त्यानं वर्षानुवर्षं कोंबडीखत, डोलोमाइट आणि झाडांच्या मधे आच्छादनाची पिकं घेऊन मातीत सेंद्रिय पदार्थ इतका वाढवला होता की जमिनीतले बाकीचे जीव या रोगाला डोकं वर काढू देत नव्हते. उन्हाळ्यात मका आणि लॅबलॅब, म्हणजे आपला वाल-पावटा, आणि थंडीत ल्युपिन हे शेंगावर्गीय पीक. पुढं ब्रॉडबेंट आणि बेकर या शास्त्रज्ञांनी त्याच्या मातीचा अभ्यास करून १९७४ साली तो छापला आणि रोग दाबून धरणाऱ्या मातीचं ते जगभर सांगितलं जाणारं उदाहरण झालं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की शेतकऱ्यानं आधी केलं आणि शास्त्रानं मागून येऊन ते का चालतं ते सांगितलं.

आपल्याकडे उसाचं पाचट जाळून टाकतात, ते आम्ही गोळा केलं. शेजाऱ्यांनी फुकट दिलं, फक्त ट्रॅक्टरचं भाडं. उरलेल्या झाडांखाली पाचटाचा जाड थर, खोडापासून वीतभर लांब, त्यावर कुजलेलं कोंबडीखत, वर्षातून एकदा जिप्सम, आणि मधल्या पट्ट्यात मका-पावटा. सोबत मॅडमच्या सल्ल्यानं पोटॅशियम फॉस्फोनेटच्या फवारण्या. हे औषध पानातून उतरून मुळापर्यंत जातं, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ते झाडाच्या खोडात इंजेक्शननं देतात. प्रमाण मी इथं लिहीत नाही, झाडाचं वय आणि पालवीची अवस्था बघून ठरतं, जाणकाराला विचारूनच घ्या. अर्धवट आजारी झाडं यानं सावरली. पार गेलेली नाही सावरली.

आता मूळ गोष्ट. खालच्या तुकड्यात, जिथं आजूबाजूची सगळी गेली होती, तिथं एक झाड टवटवीत होतं. आधी वाटलं तिथं निचरा चांगला असेल. म्हणून त्याच्या बुंध्याजवळची माती घेऊन परत फळाची चाचणी केली, डाग आले. म्हणजे रोग त्याच्याही मुळाशी होता. मॅडमना सांगितल्यावर त्या स्वतः बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हे झाड काढू नका, आणि जोडाखालचे फुटवेही मोडू नका."

कारण असं. वरची फांदी हासची, सगळ्या झाडांची सारखीच. पण कलमाच्या जोडाखालचा खुंट, आणि त्यावरचे फुटवे, बियांपासून आलेले, आणि ॲव्होकॅडोची प्रत्येक बी वेगळी, जशी एका आईबापाची मुलं वेगळी. हास हे झाडसुद्धा असंच एका बीतून आलेलं. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचा पोस्टमन होता, त्याच्या ला हाब्रा हाइट्समधल्या बागेत एका रोपावर फ्युर्टेचं कलम काही केल्या धरेना म्हणून ते तसंच वाढू दिलं, आणि १९३५ ला त्याचं पेटंट घेतलं. आज जगात विकले जाणारे बहुतेक ॲव्होकॅडो त्याच एका झाडाची कलमं आहेत. आणि ते मूळ झाड २००२ मध्ये मेलं ते मूळकुजीनंच. फळ इतकं नावाजलेलं, पण मुळं काही या रोगापुढं टिकणारी नव्हती. म्हणून तर आजारी बागेत तगलेली झाडं शोधून त्यांच्या खुंटाच्या हुबेहूब प्रती करायच्या हा मार्ग जगभर धरला गेला. झेंटमायर यांच्या कामातून ड्यूक ७ हा खुंट आला, दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टफालिया या कंपनीतून डुसा हा खुंट आला.

अडचण एवढीच की ॲव्होकॅडोची काडी मातीत खोचून मूळ धरत नाही, गुलाबासारखं नाही ते. यावर कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रोलिक यांनी उपाय काढला की कोंब अंधारात वाढवला तर त्याच्या बुडाला मुळं फुटतात, आणि तिथल्याच हँक ब्रोकॉ या नर्सरीवाल्या शेतकऱ्यानं १९७० च्या दशकात ते तंत्र हजारो रोपं करता येतील असं बसवलं. आम्ही केलं ते त्याच रीतीनं, घरच्या सामानात.

२०२१ च्या पावसाळ्यात बिया गोळा केल्या, मोठ्या आकाराच्या देशी फळांच्या. फळ झाडावरून काढलेलं हवं, खाली पडलेलं नको, कारण मातीतून रोग बीला लागतो. बिया ४९ ते ५० अंश पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, लगेच थंड पाण्यात टाकायच्या आणि सावलीत सुकवायच्या. यासाठी थर्मामीटर घ्याच, हाताच्या अंदाजानं हे होत नाही, दोन-चार अंश जास्त झाले की बी शिजते. बी फार दिवस साठवूही नका, उगवण पटकन जाते.

रोप पेन्सिलीएवढं झालं की त्यावर त्या तगलेल्या झाडाच्या फुटव्याची काडी बांधायची. डोळे फुगायला लागले की कुंडी अंधारात. आमची सोयाबीन ठेवायची खोली होती, तिच्या खिडकीला आणि दाराला आतून काळा कागद मारला, दाराला दोन पडदे लावले म्हणजे आत-बाहेर करताना उजेड शिरत नाही. पाणी अगदी बेतानं. महिनाभरात कोंब फूटभर उंच, पिवळट पांढरे, पानं नावापुरती, घटाचं धान उगवतं ना तसा रंग. आई रोज विचारायची, "जगतंय का रे ते?" आणि मलाही खात्री नसायची.

पहिल्या वर्षी बहुतेक कोंब बुडातून सडले. पावसाळ्याची दमट हवा आणि बंद खोली, हे जमणारं नव्हतं. पुढच्या वेळी अंधारातलं काम थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला येईल असं बसवलं, खोलीत छोटा पंखा ठेवला. २०२२ चं वर्ष असं गेलं.

कोंब फूटभराचा झाला की त्याच्या बुडाला, जोडाच्या किंचित वर, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीचं कडं घालायचं. त्याच्या वरची साल हलकी खरवडून मूळ फुटायची पावडर लावायची, आणि मग काळ्या पिशवीची उंच नळी करून कोकोपीट-परलाइट भरायचं, शेंडा तेवढा वर. आता उजेडात, पण आधी शेडनेटच्या दाट सावलीत. शेंडा आठ-दहा दिवसांत हिरवा होतो, बूड अंधारातच राहतं. कोंब जाड होत जातो तसं कडं आवळतं, खालच्या बियाच्या रोपाचा (याला दाई रोप म्हणतात) पुरवठा तुटतो, तोवर याला स्वतःची मुळं आलेली असतात. एक पिशवी मी धीर करून बाजूनं कापून बघितली होती. कोकोपीटमधून पांढरी, जाडसर, दोऱ्याएवढी मुळं चहूबाजूंनी बाहेर आलेली, टोकं एकदम ताजी. २०१९ मध्ये काळी मुळं बोटात चुरल्यावर पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवलो असं वाटतं मला.

मुळं धरल्यावर वर हासचं कलम. बी टाकल्यापासून लावायला येईल असं रोप व्हायला दीड वर्ष धरा. मजुरी सोडून एका रोपाला अडीचशे-तीनशे रुपये पडले, त्यात वाया गेलेल्यांचा खर्चही आला. बाजारात तयार परदेशी खुंटाची रोपं मिळतात ती याच्या कितीतरी पट महाग, आणि ती किमतीला न्याय देतातही, पण आमच्या मातीत तगलेलं झाड आमच्याकडंच होतं.

मधे ठिबकचं काम केलं, महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरून. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, कोटेशन लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वसंमती येईपर्यंत एकही नळी विकत घेऊ नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. सोडतीत नाव यायला बरेच महिने गेले, मग कागद अपलोड, मग संच बसवल्यावर पाहणी, जागेवरचा फोटो, आणि अनुदान खात्यावर यायला आणखी काही महिने. तोवर पूर्ण रक्कम आपल्याला घालावी लागते, तेवढी तजवीज आधी करा. अल्पभूधारकाला केंद्र आणि राज्याचं मिळून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण ते ठरवून दिलेल्या खर्चाच्या मापावर, तुमच्या बिलावर नाही. नवी लागण ई-पीक पाहणीत दरवर्षी नोंदवा, सातबाऱ्यावर फळबाग दिसली नाही तर पुढं प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो.

जून २०२३ ला लावणी केली, मुद्दाम त्याच आजारी तुकड्यात. दोन फूट उंच गादीवाफे, निचऱ्याचे चर, पाचट, ठिबक सगळं सारखं. मॅडमनी सांगितलं होतं की नुसती आपलीच रोपं लावून काही सिद्ध होत नाही, शेजारी बियांच्या खुंटावरची रोपंही हवीत आणि कुठलं कुठं लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तसं केलं. बियांच्या खुंटावर पैसे घालून ती मरताना बघायची हे आप्पांना आधी पटलं नाही, पण वहीत नोंदी तेच ठेवतात आता, दर महिन्याला प्रत्येक झाडाला शून्य ते पाच गुण.

२०२५ चा पावसाळा संपल्यावरचं चित्र असं की बियांच्या खुंटावरची निम्म्याहून जास्त गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत. आमच्या खुंटावरची काही गेली, बहुतेक उभी आहेत. उकरलं तर काळी मुळं त्यांनाही दिसतात, म्हणजे रोग लागतो, पण नवीन पांढरी मुळं पटापट फुटतात आणि झाड पुढं निघतं. ड्यूक ७ बद्दलही असंच वाचलेलं, रोग होतच नाही असा खुंट तो नाही, सोसणारा आहे. हे एकाच शेतातलं, थोड्या पावसाळ्यांचं निरीक्षण आहे, काळ्या भारी जमिनीत किंवा खारट पाण्यावर हा खुंट कसा वागेल हे बघायचंय. ॲव्होकॅडोला क्षार अजिबात सोसत नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्याची तपासणी लावायच्या आधी करून घ्या.

ज्याच्या काड्या घेतल्या त्या तगलेल्या आईझाडाला मात्र आता फळं चांगली येतात. झाडावर ॲव्होकॅडो पिकत नाही, तोडल्यावरच पिकतो, म्हणून तोडायची वेळ कळायला गराचे पातळ काप वजन करून मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं सुकवायचे, वजन थांबेपर्यंत. कोरडा भाग २३ टक्क्यांच्या आसपास आला की आम्ही हास तोडतो, त्याआधीचा रबरासारखा लागतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

रोपं मागायला लोक यायला लागलेत. पण फळरोपं विकायची तर महाराष्ट्रात १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो, त्याचा अर्ज कृषी खात्याकडं दिलाय, मातृवृक्षांची माहिती, जागेचा नकाशा, पाण्याची सोय, नोंदवह्या असं सगळं जोडून. पाहणी अजून व्हायचीय. तोवर कुणाला रोप देत नाही. काड्या मात्र मॅडमच्या विभागाला दिल्या आहेत, दोघांच्या सहीच्या पत्रावर, त्यात कुठल्या झाडाच्या, किती, कशासाठी आणि पुढं कुणाला देताना आम्हाला विचारायचं हे लिहिलंय. असं पत्र जरूर करा, चांगली माणसंही बदलून जातात आणि मग कागदच उरतो.

तुमच्या बागेत, आंबा असो नाहीतर ॲव्होकॅडो, मेलेल्यांच्या मधे एखादं झाड हिरवं राहिलं असेल तर पाऊस संपायच्या आत त्याला खूणचिठ्ठी बांधा, फोटो काढा, बुंध्याची माती तपासायला द्या. ॲव्होकॅडो असेल तर जोडाखालचे फुटवे राहू द्या आणि मला कळवा, काडी कशी घ्यायची ते फोनवर सांगेन.